अल्काच्या जागी

भाताची रोवणी अर्ध्यावर आली होती. बाया वाकून एका ओळीत मागे सरकत होत्या, आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यावर ठेवलेल्या पिशवीतून अचानक भोंगा वाजायला लागला. साधी रिंग नव्हती ती. वर चढत जाणारा, मग खाली घसरणारा, पुन्हा चढणारा आवाज. पलीकडच्या बांधीत, भाताच्या खाचरात, चिखल करणाऱ्यानं ट्रॅक्टर थांबवला. म्हातारी रुख्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काय पेटलं वं?"

अल्कानं हातातली पेंढी टाकली आणि ती चिखलातून धावली. पिशवीपर्यंत पोचेस्तोवर दोनदा घसरली. फोनवर हल्ल्याचा इशारा देणाऱ्या ॲपची लाल पट्टी होती आणि पट्टीवर गावाचं नाव, नहारिया.

सुमनबाई, तिची आई, मागून ओरडली, "काढून टाक ते मोबाइलातून! इथं सौंदडात कोन बॉम्ब टाकते आपल्यावर?"

"आपल्यावर नाही, माय. रेणूवर."

ती चिखलाच्या बोटांनी नंबर लावायला लागली. फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

नहारिया हे इस्राएलच्या उत्तर टोकाचं, समुद्राकाठचं गाव. पलीकडे लेबनॉनची सरहद्द, जवळच. अल्का चार वर्षांपासून तिथं एका म्हाताऱ्या बाईच्या घरी राहून तिची देखभाल करत होती. बाईचं नाव त्सिला. तिकडं आजीला सावता म्हणतात, म्हणून अल्काही तिला सावताच म्हणायची. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुमनबाई पोट धरून हसली होती, "म्हातारीचं नाव सावता? माळ्याची हाय का?" सावताचे दोन्ही पाय गेलेले होते. तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत, सगळं उचलून न्यावं लागे. मुलगा यायीर कॅनडात होता.

अल्काचा नवरा कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकखाली गेला तेव्हा टीना चार वर्षांची होती. वर्षभरानं अल्कानं नर्सिंगचं सर्टिफिकेट काढलं, पोरीला आईकडे ठेवलं आणि ती गेली. ती पहिल्यांदा सुट्टीवर आली ती या जूनमध्ये. येता आलं ते रेणूमुळे. रेणू देवरी तालुक्यातल्या चिचगडची. दोघी गोंदियाला एकाच वर्गात शिकल्या होत्या, एकीच्या मागोमाग दुसरी इस्राएलला गेली होती. रेणू ज्या म्हाताऱ्याला सांभाळत होती तो मे महिन्यात वारला. तिची तिथली मुदतही संपत आली होती. तिनं बॅगा बांधल्या होत्या, कायमच्या. तेव्हा अल्कानं तिला फोन केला, "दोन महिने माझ्या सावतापाशी राहतेस का? मी एकदा टीनाला पाहून येते. मी परत आले की तू जा."

रेणूनं एका दमात हो म्हटलं होतं.

फोन शेवटी लागला. आवाज घुमत होता, विहिरीतून आल्यासारखा.

"जिन्यात आहो," रेणू म्हणाली. "काही झालं नाही. दूर कुठं तरी पडलं."

"सावता?"

"माझ्या मांडीवर डोकं ठेवून मलेच शिव्या देऊन राहिली. म्हनते, केस विंचरू नाही दिले."

अल्का हसली आणि तिथंच धुऱ्यावर बसली. बायांनी पुन्हा वाकून रोवायला सुरुवात केली होती, पण गाणं थांबलं होतं.

*

त्या बिल्डिंगीत बॉम्बपासून वाचायची खोली नव्हती. जुनी बांधणी. तळघरात आसरा होता, पण भोंगा झाल्यावर हातात वेळच इतका थोडा, की तिसऱ्या मजल्यावरून पांगळ्या बाईला खाली नेणं जमायचं नाही. म्हणून जिना. भोंगा वाजला की सावताला उचलायचं, खुर्चीत टाकायचं, दार उघडून जिन्याच्या आतल्या भिंतीला लावायचं. अल्का असताना हे कधीमधी व्हायचं. आता रोजचं झालं होतं.

आणि मोठं अजून यायचंच होतं. सरहद्दीपलीकडचा कोणी मोठा माणूस मारला गेला होता, आणि तिकडचे त्याचा बदला घेणार असं सगळे म्हणत होते. कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं. केवळराम, अल्काचे वडील, राइस मिलमधून आले की हिंदी बातम्या लावून बसायचे. पडद्यावर लाल बाण उडायचे, नकाशे पेटायचे, निवेदक घसा फाडायचा. आजच होणार. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा, आजच होणार. सुमनबाई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बंद करा ते," आणि बंद केलं की थोड्या वेळानं स्वतःच येऊन विचारायची, "काय म्हनून राहिले?"

रेणू सांगायची, शनिवारी समुद्राकाठच्या बाकांवर आता कोणी येत नाही. एरवी शनिवार म्हणजे तिथल्या कामवाल्या बायांचा दिवस. केरळच्या, आंध्रच्या, फिलिपिन्सच्या, नेपाळच्या, सगळ्या आपापल्या म्हाताऱ्यांना तासभर दुसऱ्या कोणावर सोपवून यायच्या, डबे उघडायच्या, घरी फोन लावायच्या. आता फोनवरच बोलणं. अमकी गेली. तमकीला तिच्या सरकारनं परत बोलावलं. तमकी म्हणते, मी गेले तर माझ्या म्हातारीला पाणी कोण देईल? खालच्या मजल्यावरची फिलिपिनो जोसी, जी सावताची खुर्ची उचलायला हात लावायची, तीही गेली. जाताना रेणूच्या गळ्यात पडून रडली आणि टॉर्च देऊन गेली.

अल्काचं परतीचं तिकीट पुढच्या शुक्रवारचं होतं. घरात त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. सुमनबाई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची, "अल्का आता इथंच दवाखान्यात लागनार हाय. साकोलीले जागा निघते म्हनतात."

*

रविवारी रेणूची आई आली. चिचगडहून देवरी, देवरीहून कोहमारा, तिथून ऑटोनं सौंदड. पुष्पाबाई उंच, हडकुळी बाई. ती या घरात आधी कधी आली नव्हती. तिनं पिशवीतून चारोळीची पुडी काढून सुमनबाईच्या हातात दिली, खाटेच्या कडेवर बसली आणि पाणीही न पिता बोलायला लागली.

"तुमची पोरगी घरी हाय. माही तिच्या जागी तिथं बसली हाय. मी एवढंच विचाराले आली, अल्का कवा जाऊन राहिली?"

सुमनबाईनं पुडी बाजूला ठेवली. "जाऊन राहिली म्हनून कोन सांगितलं?"

"रेणू म्हनते, तिकीट हाय."

"तिकीट असलं म्हनून जावंच लागते का?"

अल्का मागच्या अंगणात पाय धूत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिनं पाणी ओतणं थांबवलं.

"मंग माह्या पोरीनं काय करावं?" पुष्पाबाई म्हणाली.

"तुमची पोरगी लहान नाही. तिनं हो म्हनलं ते आपल्या मर्जीनं म्हनलं. आमी काय पाय धरले तिचे?"

"पाय नाही धरले. फोन केला होता." पुष्पाबाईचा आवाज चढला नाही. "ती जूनमध्येच घरी असती. आता मी रोज फोन लावतो अन् ती उचलेपर्यंत माहा जीव जागेवर नसते. तुमी तुमच्या पोरीच्या हातचं जेवता."

सुमनबाई उभी राहिली. "माही नात बिनबापाची हाय, बाई. तिले बिनमायची बी करू का?"

पुष्पाबाईनं मान खाली घातली. आणि तेवढ्यात टीना आतून आली, दाराच्या चौकटीला टेकली आणि दोघींकडे पाळीपाळीनं पाहायला लागली.

अल्का ओल्या पायांनी आत आली. "मावशी, शुक्रवारचं तिकीट आहे. मी जाईन."

विचार करून बोलली नव्हती ती. पुष्पाबाईच्या मानेकडे, त्या खाली झुकलेल्या मानेकडे पाहून तोंडातून निघून गेलं. पुष्पाबाईनं मान वर केली, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती उठली, पदर सावरला, म्हणाली, "बरं," आणि चहा न घेता निघाली. अल्का तिला ऑटोपर्यंत सोडून आली.

घरी सुमनबाई चुलीपुढे बसली होती. "टीनाचा बाप गेला तवा मी तुले सांभारलं," ती म्हणाली. "तू जेवत नव्हती, मी घास भरवले. आता त्या वयाची राहिली नाही मी. हे ध्यानात ठेव अन् मंग जा."

*

संध्याकाळी अल्कानं रेणूला फोन लावला. रेणू भडकलीच.

"आईले कोणी सांगितलं होतं जायाले? माझी अक्कल आहे ना मले. तू येऊ नको, अल्का. खरं सांगतो. इथं कोणी येत नाही, सगळे जाऊन राहिले. टीना आहे तुले. मले कोण आहे?"

"तुला आई आहे."

"आई म्हंजे..." ती थांबली. "मी ठीक आहो. सावता ठीक आहे. यायीरले सांगीन, दुसरी बाई पाहा. मिळेपर्यंत थांबतो."

दुसरी बाई मिळणार नव्हती हे दोघींना माहीत होतं. अल्का "बरं, बोलू उद्या" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मनातून काहीतरी सैल झालं. रेणूनंच येऊ नको म्हटलं, आता कोणी काय बोलेल? ती तांदूळ निवडायला बसली. सूप हातात घेतलं तोच फोन पुन्हा वाजला.

"अल्का."

"काय झालं?"

"काही नाही झालं." रेणूचा आवाज बारीक झाला होता. "आता जे बोलली ना मी, ते खोटं होतं. तू ये. मले लय भेव लागते. झोपेत बी भोंगा ऐकू येते. तू ये अन् मले घरी जाऊ दे."

मग ती रडायला लागली आणि अल्का सूप मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

*

बुधवारी विमान रद्द झालं. कंपनीनं सगळ्यांचीच उड्डाणं थांबवली होती, पुढची सूचना मिळेपर्यंत.

अल्कानं मेसेज दोनदा वाचला, मग मोठ्यानं वाचून दाखवला. केवळराम "चला" एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. सुमनबाईनं काही न बोलता बाजारातून झिंगे आणले, वांगी घालून भाजी केली, टीनाला शेजारी बसवून वाढलं. किती तरी दिवसांनी घरात हसणं झालं. अल्काही पोटभर जेवली. आपण एवढं का जेवतोय, हे तिला जेवता जेवताच कळत होतं आणि घास खाली जातही होता.

पुष्पाबाईचा फोन आला. "रद्द झालं म्हनतेस? मंग दुसरं नसते का?"

"पाहून राहिले, मावशी."

तेव्हा ती खरंच पाहत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी यायीरचा मेसेज आला. इथिओपियावरून जाणारं एक विमान अजून सुरू होतं, मुंबईहून, सोमवारचं. त्यात एक जागा त्यानं धरून ठेवली होती. शेवटी लिहिलं होतं, तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, तुझी मुलगी आहे हे मला माहीत आहे, फक्त आज संध्याकाळपर्यंत कळव.

अल्कानं फोन उलटा करून फळीवर ठेवला. टीनाची वेणी घातली. डबा भरला. तिला शाळेत सोडून आली. परत आल्यावर फोन तिथंच होता, उलटा. कोणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळ उलटून गेली की जागा जाईल, आणि ती कधी होती हेही कोणाला कळणार नाही. रेणूला नाही, पुष्पाबाईला नाही. कोणाला काही सांगावंच लागणार नाही.

दुपारी पुष्पाबाईचा फोन पुन्हा आला. "लागला का पत्ता दुसऱ्याचा?"

"नाही, मावशी. अजून नाही."

फोन ठेवून ती विहिरीवर गेली, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं.

मग तिनं रेणूला व्हिडिओ लावला. कशासाठी लावला ते तिला स्वतःला सांगता आलं नसतं. रेणू टेबलाशी बसलेली दिसली. मागून सावताचा आवाज येत होता, पाणी मागत होती. रेणू तिथूनच "आणते, आणते" म्हणत होती आणि उठत नव्हती.

"उठत का नाहीस?" अल्कानं विचारलं.

"उठतो ना."

"ऊठ मग. मी पाहते."

रेणूनं टेबलाला दोन्ही हात लावले, ओठ आवळले आणि अर्धी उठून तशीच वाकून राहिली. मग पुन्हा बसली.

"परवा भोंगा झाला तवा ती बाथरूमात होती," ती म्हणाली. "ओल्यावर माझा पाय सरकला. तिले पडू नाही दिलं, पण माझ्या कमरेत भरलं. जोसी गेली ना, दोघींचं काम एकटीनं..."

"मग भोंगा झाला की जिन्यात कशी नेतेस?"

रेणू मागे वळून सावताच्या पलंगाकडे पाहायला लागली.

"रेणू, कशी नेतेस?"

"नेत नाही. पलंग खिडकीपासून सरकवला. मी तिच्या अंगावर आडवी होतो, उशी घेऊन. काल दोनदा झालं. सावता म्हनते, तू जा जिन्यात, मी माझी मरतो. जाऊ का मग तिले टाकून?"

अल्कानं फोन ठेवला, यायीरला "येते" लिहिलं आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर ती तशीच दारात जाऊन उभी राहिली. भर ऑगस्टच्या उकाड्यात.

सुमनबाई शेतातून आली तेव्हा अल्का दारातच उभी होती. "माय, दुसरं विमान आहे. सोमवारचं. मी हो म्हटलं."

"कवा कळलं?"

"सकाळी."

"म्हंजे सकाळपासून लपवलं."

"हो."

"लपवलंस ते बरं केलंस," सुमनबाई म्हणाली. "सांगितलं कायले?"

अल्कानं रेणूच्या कमरेचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं. सुमनबाईनं सगळं ऐकलं, पायावरचा चिखल खरडून काढला आणि आत गेली. त्यानंतर ती अल्काशी बोललीच नाही. जेवायला वाढायची, कपडे घडी करून ठेवायची, पण शब्द नाही. भांडली असती तर अल्काला सोसलं असतं.

*

टीनाशी बोलणं व्हायलाच हवं होतं. शनिवारी शाळेतून येताना स्टेशनच्या बाजूच्या रस्त्यावर टीनानंच सुरुवात केली.

"तिथं खरंच बॉम्ब पडते का?"

"पडतात. आमच्या घरावर नाही पडला अजून."

"पडला तर?"

"जिन्यात गेलं तर बहुतेक काही होत नाही."

"बहुतेक?"

"बहुतेक."

टीनानं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "रेणूमावशी आली की तू येशील?"

"रेणूमावशी आली की मी तिथं राहीन. सावताला ठेवून येता येत नाही. पण पुढच्या वर्षी नक्की."

"मंग रेणूमावशीची आई खुश," टीना म्हणाली. "अन् मी?"

फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. दोघी हात धरून डबे संपायची वाट पाहत उभ्या राहिल्या. अल्कानं पोरीचा हात एवढा घट्ट धरला होता की शेवटी टीना म्हणाली, "मम्मी, दुखते."

*

गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस दुपारी सुटते. केवळराम आणि टीना सोडायला आले. सुमनबाई आली नाही. रुख्माच्या शेतात रोवणी होती, ती पहाटेच तिकडे गेली होती. निघताना अल्काला रस्त्यावरून आई लांब बांधीत वाकलेली दिसली. ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला तरी तिनं वर पाहिलं नाही.

प्लॅटफॉर्मवर पुष्पाबाई उभी होती. कधी आली होती कोण जाणे. केवळरामांना नमस्कार केला, टीनाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग अल्काजवळ आली.

"मी तुह्यावर जबरदस्ती केली," ती म्हणाली.

"नाही, मावशी."

"केली. अन् आताबी थांब म्हननार नाही. तसं म्हनाले माहा जीव होत नाही."

अल्कानं मान हलवली. गाडी लागली. "चलो, चलो, आगे बढ़ो," मागून लोक ढकलायला लागले. तिनं टीनाला उचललं. नऊ वर्षांची पोर, जड झालेली, पाय खाली लोंबकळत होते. वडिलांच्या पाया पडली. खिडकीतून पाहिलं तेव्हा टीना आजोबांच्या शर्टात तोंड घालून उभी होती आणि पुष्पाबाई थोडी दूर, एकटी, पदर तोंडाला लावून. गाडी हलली तरी कोणी हात हलवला नाही.

तेल अवीवला अल्का उतरली तेव्हा विमानतळावर येणाऱ्यांची रांगच नव्हती. जाणाऱ्यांची मात्र दारापर्यंत गेली होती, आणि त्या रांगेतल्या बाया हिच्याकडे वेड्यासारखं बघत होत्या. रेल्वेनं ती नहारियाला पोचली. रेणूनं भिंत धरत धरत दार उघडलं. दोघी दारातच एकमेकींना धरून राहिल्या. आतून सावता ओरडली, एवढा उशीर का झाला, आणि हिनं माझं सूप खारट केलं आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी भोंगा झाला. अल्कानं सावताला काखेखालून धरलं, खुर्चीत टाकलं, दाराबाहेर नेलं. हात विसरले नव्हते. जिन्यात तिघी भिंतीला चिकटून बसल्या. वरून काहीतरी फुटल्याचा आवाज आला, पायऱ्यांवर चुन्याची भुकटी पडली. अल्काला वाटलं होतं, इथं आलं की भीती कमी होईल, कारण मग वाट पाहायची नसते. तसं काही झालं नाही.

*

रेणूला विमान मिळायला दहाबारा दिवस लागले. ती गोंदियाला उतरली, तिची आई घ्यायला आली होती, पण रेणू म्हणाली, आधी सौंदडले.

सुमनबाई अंगणात भांडी घासत होती. तिनं रेणूला पाहिलं, उठली नाही. "आलीस," म्हणाली.

"आली, काकी."

"बरी हायस?"

"हो."

"मंग बस. उभी काऊन राहिली?"

टीना धावत आली आणि तिनं सरळ विचारलं, "मम्मी भेते का?"

रेणूनं पुष्पाबाईकडे पाहिलं, मग सुमनबाईकडे. "भेते," ती म्हणाली. "मी बी भेत होती. पन ती सावताले माझ्याहून जलद बाहेर नेते. मी मोजून पाहिलं नाही, पन जलद नेते."

पुष्पाबाई कोपऱ्यात बसली होती. सुमनबाईनं चहा ठेवला, चारी कप भरले, पहिला पुष्पाबाईला दिला. दोघी एकमेकींकडे न पाहता चहा प्यायल्या. जाताना पुष्पाबाई म्हणाली, "टीनाले सुट्टीत पाठवा चिचगडले." सुमनबाई म्हणाली, "पाहू."

सप्टेंबरच्या शेवटी जे यायचं होतं ते आलं. ज्याची वाट पाहून लोक थकले होते ते खरंखुरं युद्ध सुरू झालं, आणि नहारिया त्याच्या तोंडाशीच होतं. धान तेव्हा लोंबीवर आलं होतं. केवळराम बातम्या लावायचे आणि आवाज बंद ठेवायचे. अल्का दिवसातून एकदा फोन करायची, टीनाशी बोलायची, वडिलांशी बोलायची. सुमनबाई हाताला काम आहे म्हणून सांगायची. फोन चालू असेपर्यंत मात्र ती घरातच कुठंतरी घुटमळत राहायची.

एके दिवशी फोन आला नाही. दुपार झाली, टीना शाळेतून आली, केवळराम मिलमधून आले. रेणूचा चिचगडहून फोन आला, तिलाही लागत नव्हता. बातम्यांत नहारियाचं नाव दोनदा आलं. सुमनबाई दारात येऊन बसली ती उठलीच नाही. दिवे लागले तेव्हा फोन वाजला. टीनानं उचलला. मागच्या गल्लीत पडलं होतं, तारा तुटल्या होत्या, दिवसभर लाइट नव्हती, फोन चार्ज नव्हता. दोघी बऱ्या होत्या. सावताच्या हाताला काच लागली होती, थोडीच.

सुमनबाईनं टीनाच्या हातून फोन घेतला. कानाला घट्ट धरला. तिकडून अल्का म्हणत होती, "माय? माय, तू आहेस का?"

"ते बुढी," सुमनबाई म्हणाली. दीड-दोन महिन्यांनंतरचा अल्काशी तिचा पहिला शब्द. "तिले जास्त लागलं का?"

"नाही, माय. पट्टी बांधली. खेकसून राहिली माझ्यावर."

"खेकसू दे." सुमनबाईनं फोन दुसऱ्या कानाला घेतला. "दे तिले फोन."

"तिला मराठी कुठं येते?"

"नाही आली तर नाही आली. दे तू."

अल्कानं फोन सावताच्या कानाला लावला. सुमनबाई आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत बोलायला लागली, धान कसं आलं आहे, टीनाचा दात पडला, तुमी घाबरू नका, माही पोरगी तुमाले सोडत नाही. तिकडून सावता हिब्रूत काहीतरी सांगत होती, लांबलचक, मध्येच खोकत. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, आणि दोघी थांबत नव्हत्या. केवळरामांनी टीव्ही बंद केला. टीना आजीच्या मांडीला टेकून, कान फोनजवळ नेऊन, तिकडून अजून कशाचा आवाज येतो का ते ऐकत राहिली.